बर्फावरच्या फळीची बांधाबांध

आपल्या माणसांचे सामान दुरूनही ओळखू येते. आखातातून आलेल्या विमानाचे सामान मुंबईच्या पट्ट्यावर फिरू लागले की पाहावे. खोक्याला चहूबाजूंनी नायलॉनची दोरी आवळलेली असते आणि प्रत्येक बाजूवर मार्करने जाड अक्षरांत नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली. हजहून परतणाऱ्यांच्या बॅगांना रंगीत रिबिनी, कुणाच्या जुन्या ओढणीची चिंधी. या साऱ्या बांधणीमागे एकच विचार असतो, वाटेत काही सुटता कामा नये. गाठी इतक्या घट्ट मारलेल्या असतात की घरी आल्यावर त्या सोडवत कुणी बसत नाही. सुरी आणायची आणि दोरी कापायची.

मी मात्र दुसऱ्या प्रकारची बांधणी पाहत वाढले. मी मिरजेची. आमच्या गावातली सितारमेकर गल्ली गाणाऱ्या-बजावणाऱ्या मंडळींना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारे. तलवारींचे दिवस सरले आणि तेच हात सतारीकडे, तानपुऱ्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. माझे धाकटे चाचा या कामात पन्नासहून अधिक वर्षे आहेत. वाद्य बनवणारे हात गल्लीत अनेक, पण परदेशी जाणारे वाद्य पेटीत बसवायचे असले की बोलावणे चाचांना येते.

तानपुरा विमानाने पाठवायचा म्हणजे काय, हे मी शाळकरी वयापासून पाहिले आहे. आधी तारा सैल करायच्या, पण पूर्ण काढायच्या नाहीत. घोडीखाली मऊ कापडाची घडी सरकवायची, म्हणजे ती तबलीवर घासणार नाही. मणी एका पुरचुंडीत बांधून वेगळे ठेवायचे. पंढरपूरकडचा तो वाळलेला भोपळा दिसायला दणकट, पण एका ठोशात तडकतो. म्हणून भोपळा पेटीच्या कुठल्याच भिंतीला टेकू द्यायचा नाही. वजन दांडीच्या आधारावर घ्यायचे आणि भोपळ्याभोवती चारी अंगांनी हवा आणि कापूस राहील असे बघायचे. चाचा म्हणत, “पेटी पडणारच आहे असं धरून चाल. पडल्यावर मार कुणाला लागेल, एवढंच आपल्या हातात.”

२०२६च्या जानेवारीत चाचांची ही विद्या एका भलत्याच वस्तूच्या कामी आली. ती वस्तू म्हणजे स्नोबोर्ड.

मिरजेत बर्फ दिसतो तो रसवंतीगृहात आणि मासळीबाजारात. तिथे स्नोबोर्ड कुठून आला, हे सांगायला हवे. माझी पुतणी पुण्यात इंजिनीअर आहे. कॉलेजात असताना ती मैत्रिणींबरोबर काश्मीरला फिरायला गेली आणि गुलमर्गला बर्फावरून घसरणारी पोरे पाहून तिथेच अडकली. गुलमर्ग २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गंडोल्याने दोन टप्प्यांत वर गेले की अफरवटच्या अंगाला जवळजवळ चार हजार मीटरवर पोहोचता येते. पहिला टप्पा १९९८मध्ये सुरू झाला, दुसरा २००५मध्ये. आज जगभरचे लोक तिथल्या भुसभुशीत बर्फासाठी येतात. २०२०पासून तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही होऊ लागल्या. पुतणीने सुट्या साठवून तिथे शिक्षण घेतले आणि २०२५च्या फेब्रुवारीत, मायदेशी निघालेल्या एका परदेशी पाहुण्याकडून त्याची वापरलेली फळी विकत घेतली. लांबी १४८ सेंटिमीटर. आपल्या मापात चार फूट दहा इंच, म्हणजे तानपुऱ्याच्या जवळपास.

या खेळाचा जन्मही घरगुती आहे. १९६५च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या एका बापाने आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी-शेजारी जोडून एक फळी केली. त्यातून पुढे स्नोबोर्ड आला आणि १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये त्याला जागा मिळाली. मुलींसाठी बापाने केलेले हे खेळणे, हे मी आमच्या घरात मुद्दाम दोनतीनदा सांगितले. कारण आमच्या घरातला बाप, म्हणजे माझा भाऊ, या फळीकडे पाहायलाही तयार नव्हता.

त्यातून ती फळी घरी आली तीच जखमी होऊन. पुतणीने ती पातळ कापडी पिशवीत घालून, वर चादर गुंडाळून, एका विमान कंपनीच्या हवाली केली होती. वरती ‘नाजूक’ची चिठ्ठीही लावली होती. पुण्यात पट्ट्यावर आली तेव्हा मागचे टोक फुटलेले. कडेची पोलादी पट्टी दोन बोटे लांब सुटून वर आली होती आणि तळाला नखाएवढी खोल खरड पडली होती. कंपनीच्या माणसाने खांदे उडवले. पुतणीने मात्र विमानतळ सोडण्याआधीच फोटो काढले, लेखी तक्रार दिली आणि तिची प्रत घेतली. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. एकदा बाहेर पडलात की नुकसान कुठे झाले हे सिद्ध करणे अवघड जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासात तर सामान हाती आल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावीच लागते.

फळी मिरजेला आली ती दुरुस्तीची आशा सोडून. चाचांनी फुटलेले टोक उजेडात धरले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकदम म्हणाले, “अरे, अंदर तो लकडी है!” आम्हा सगळ्यांना ते प्लास्टिक वाटले होते. खरे तर स्नोबोर्डच्या पोटात लाकूडच असते. बहुधा पॉपलरसारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवलेल्या असतात. त्याच्या वरखाली काचतंतूंचे थर, तळाला घट्ट पॉलिथिलीन आणि कडेने पोलादाची बारीक धार. चाचांनी बोटाच्या पेराने फळी इथे-तिथे वाजवून पाहिली. जिथे थर सुटले होते तिथे आवाज बद्द येत होता. त्यांनी पेन्सिलीने तेवढा भाग आखला, आत दोन भागांचा डिंक भरला आणि तबली चिकटवताना लावतात तसे शिकंजे लावून रात्रभर ठेवून दिला. तळाची खरड पुतणीने आणलेल्या पॉलिथिलीनच्या कांडीने, ती वितळवून थेंब-थेंब भरली. धारेचे काम करताना चाचा गप्प होते. नंतर एवढेच म्हणाले, “शिकलगाराच्या गावात धार बसवायला कुणी शिकवायला नको.”

दुरुस्ती झाली आणि एप्रिल आला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातली माणसे होती. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही होता. त्यानंतर आमच्या घरात काश्मीरचे नाव काढणे बंद झाले. फळी चाचांच्या कारखान्यात दोन अर्धवट तानपुऱ्यांच्या मध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. पावसाळा तिथेच गेला. चाचा अधूनमधून तिच्या कडेला तेलाचा बोळा फिरवत, गंज धरू नये म्हणून. पुतणी दर सुट्टीत येई, फळीकडे पाही आणि काही न बोलता पुण्याला परत जाई.

डिसेंबरात तिने फेब्रुवारीचे शिक्षण भरले आणि मग घरात सांगितले. भाऊ भडकला. त्याची भीती मला कळत होती, आणि ती फक्त काश्मीरची नव्हती. तो म्हणाला, “पाच फुटांची काळी लांब बॅग. वर आपलं नाव. दिल्लीला, श्रीनगरला हजार ठिकाणी अडवतील. सगळ्यांसमोर उघडायला लावतील. पोरीनं एकटीनं तिथे उभं राहायचं?”

आपल्यापैकी किती जणांनी हा विचार केला असेल, मला सांगायची गरज नाही. तपासणी सगळ्यांची होते, हे आपल्याला माहीत असते. तरी रांगेत आपला नंबर आला की पोटात काहीतरी हलते. आपण दोनदा कागद चाचपतो, आवाज जरा जास्तच मऊ करतो, गरज नसताना हसतो. भावाला पोरीच्या वाट्याला ते हसणे यायला नको होते.

चाचा तिथेच बसून होते. ते म्हणाले, “उघडू दे की. उघडण्यासारखीच बांधू.”

मला तेव्हा त्यांच्या जुन्या पेट्या आठवल्या. परदेशी जाणाऱ्या पेटीला ते खिळे ठोकत नसत, स्क्रू लावत. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवत. त्यावर तानपुऱ्याचे चित्र आणि आकडे, कुठली गादी आधी काढायची, कुठली नंतर, आणि परत कशी ठेवायची. मी एकदा विचारले होते, हे कुणासाठी? तेव्हा म्हणाले होते, “कस्टमवाल्यासाठी. तो उघडणारच. त्याचं कामच ते. त्यानं मोडू नये असं वाटत असेल तर त्याला सोपं करून दे. घाईतला माणूस खिळे उपटतो, मग वाद्य उपटायला किती वेळ?”

मग आठवडाभर बांधणी चालली. ज्यांच्या मुलांना असला खेळ लाभेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तपशिलाने लिहिते.

सर्वांत आधी फळी पूर्ण कोरडी हवी. धारेत ओल राहिली आणि बॅग बंद झाली तर आपल्याकडच्या दमट हवेत रात्रीतून तांबूस डाग उठतात. मग तळाला मेण. या खेळाचे खास मेण मिळते. ते इस्त्रीने वितळवून तळावर पसरतात. घसरताना जास्तीचे मेण खरवडून काढतात, पण प्रवासात ते तसेच राहू द्यायचे. तळाला आणि धारेला तोच रेनकोट. इस्त्री वाफेची नको, आणि एका जागी थांबवायची नाही, नाहीतर तळ जळतो. यासाठी भाभीची जुनी इस्त्री गेली ती गेलीच. मेण लागलेली इस्त्री पुन्हा कपड्यांवर फिरवता येत नाही, यावरून घरात जे व्हायचे ते झाले.

दुसरे म्हणजे पाय अडकवायची बाइंडिंगे. ती फळीवर तशीच ठेवली तर उंचवटा होतो, आणि वर दुसऱ्याची बॅग पडली की सगळा भार त्या उंचवट्यातून फळीच्या अंगात शिरतो. म्हणून ती उतरवली. प्रत्येकी चार स्क्रू. उतरवण्याआधी त्यांचे कोन लिहून घेतले, पुढचा पाय पंधरा अंश, मागचा उणे नऊ. तानपुऱ्याच्या मण्यांसारखी स्क्रूंची पुरचुंडी झाली. ती बुटात आणि बूट हातातल्या बॅगेत. पुतणी म्हणाली, फळी हरवली तर तिथे भाड्याने मिळेल, पण पायाला बसलेला बूट कुणाचा मिळणार? स्क्रू पिळायचे हत्यार मात्र मोठ्या बॅगेत, कारण असली हत्यारे हातातल्या सामानात चालत नाहीत. मोबाइलच्या पॉवर बँकेचे याच्या उलट, ती हातातल्या सामानातच हवी.

तिसरी गोष्ट धारेची. त्यासाठी चाचांनी शोधून काढले ते एसीवाल्याच्या दुकानात. तांब्याच्या नळीवर काळ्या फोमचे जे आवरण चढवतात, ते उभे चिरून फळीच्या कडेवर बसवले. जणू त्यासाठीच बनलेले. धार बॅगेला फाडत नाही आणि बॅगेवरचा मार धारेला लागत नाही. बॅग फळीपेक्षा चार बोटे लांब घेतली. मग चाचांनी भोपळ्याचा नियम लावला, टोक कुठेही टेकू द्यायचे नाही. दोन्ही टोकांना जाड फोमच्या टोप्या शिवल्या, पुढे मोकळी जागा, त्या जागेत लोकरी मोजे आणि स्वेटर. तळाच्या बाजूला जाड जाकीट, वरच्या बाजूला पँट. म्हणजे बॅगेत कापूस वेगळा भरावा लागला नाही, कपडेच कापूस झाले. हेल्मेट बाहेर, हातात.

वजन दहा किलोच्या आत बसले. देशातल्या विमानांत साधारण पंधरा किलो सामान तिकिटात येते, तेव्हा त्याची चिंता नव्हती. चिंता लांबीची. एवढी बॅग नेहमीच्या पट्ट्यावरून जात नाही, मोठ्या सामानाच्या वेगळ्या खिडकीवर द्यावी लागते. प्रत्येक कंपनीचे नियमही वेगळे. म्हणून तिकीट काढताच कंपनीला कळवले, आणि खेळाच्या सामानाचा त्यांचाच नियम कागदावर छापून बरोबर दिला.

शेवटी कागद. बॅगेच्या झाकणाच्या आत चिकटवायचा मजकूर लिहायचे काम मास्तरीण म्हणून माझ्याकडे आले. मी हिंदीत आणि इंग्रजीत चांगला पानभर लिहिला. चाचांनी तो दूर सारला. “पढने को टाइम किसको है? चित्तर निकाल.” मग पुतणीने चित्र काढले, फळी, दोन टोप्या, तीन पट्टे, आणि प्रत्येकावर मोठा आकडा. खाली चार शब्द उरले, ‘बर्फावर खेळायची लाकडी फळी’. चाचांनी पट्ट्यांच्या गाठी काढून टाकल्या आणि दप्तराला असतात तसल्या टिचकीच्या बकली लावल्या. कुलूपही लावू दिले नाही.

ती निघाली त्या दिवशी भाऊ स्टेशनवर आला नाही. आदल्या रात्री मात्र, सगळे झोपल्यावर, तो बॅगेपाशी बसलेला मला दिसला. बकली उघडून बघत होता. एक, दोन, तीन. पुन्हा लावत होता. तीन, दोन, एक. उंट आधी बांधायचा, तवक्कुल नंतर, हे आपल्याकडे लहान पोरालाही शिकवतात. उंट बांधताना बापाचे हात कसे थरथरतात हे कुणी शिकवत नाही.

बॅग उघडावी लागली. पुण्यात नाही, दिल्लीत नाही, परत येताना श्रीनगरला. तिथे विमानतळाच्या इमारतीपासून बरेच अलीकडे, बाहेरच्या फाटकापाशीच सगळे सामान गाडीतून उतरवून तपासावे लागते. तपासणीवरचा जवान दक्षिणेकडचा होता, हिंदी जेमतेम. त्याने विचारले, काय आहे? पुतणी सांगू लागली. तेवढ्यात त्याने झाकण उघडले आणि चित्र पाहिले. मग तो काही विचारीनासा झाला. चित्रावर बोट ठेवत त्याने एकेक पट्टा सोडला, टोपी काढली, फळीवर हात फिरवला. “वुड?” एवढेच म्हणाला. पुतणीने मान हलवली. ती पुढे होऊन बॅग भरायला वाकली, तर त्याने तिला थांबवले आणि चित्रात बघत स्वतःच सगळे होते तसे बसवले. मागे रांग लागली होती. कुणी काही बोलले नाही.

हे तिने फोनवर सांगितले तेव्हा भावाने फोन स्पीकरवर टाकला होता. ऐकून तो उठला आणि बाहेर गेला. बराच वेळ अंगणात पाण्याचा आवाज येत राहिला. संध्याकाळची वेळ नव्हती, तरी झाडांना पाणी घालत होता.

बॅग मिरजेला आली तेव्हा चाचांनी ती कुणाला उघडू दिली नाही. आधी त्यांनी पट्टे पाहिले. मधल्या पट्ट्याला पीळ पडलेला होता, पण बकल बरोबर जागी होती. मग फळी मांडीवर आडवी घेऊन धारेवरून अंगठा फिरवत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फळी वाजवून पाहिली. कुठेच बद्द आवाज नाही.

“ज्याने बांधली,” ते पीळ पडलेला पट्टा सरळ करत म्हणाले, “त्याचा हात चांगला होता.”

मग त्यांनी फळी उन्हाची तिरीप येईल अशी, पण थेट उन्हात नाही, भिंतीला लावली. फोमची आवरणे उलटी करून वाळत घातली. चित्राच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो डिंक लावून पुन्हा बसवला. पुतणीच्या दोन मैत्रिणींनाही असल्या टोप्या हव्या आहेत असे तिने सांगितले, तेव्हा चाचांनी फळ्यांची मापे विचारली आणि तानपुऱ्यांच्या ऑर्डरीच्या वहीत, त्याच पानावर, लिहून घेतली.